वीस तारखेला येईन

सिल्वासाजवळ राखोलीच्या एका धागा कारखान्यात रंगाच्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून माझी निवड झाली, पगारही ठरला आणि घोडं अडलं ते रुजू होण्याच्या तारखेवर.

"मॅडम, पहिली तारीख फिक्स करू ने?" त्यांच्या एचआरचा माणूस फोनवर गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाला. "नवी लाइन चालू थाय छे."

मला वीस तारीख हवी होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आई नुकतीच टोकरखाड्याला आमच्या घरी आली होती. वॉकर धरून उभी राहायची, पण पाऊल टाक म्हटलं की रडकुंडीला यायची. ती चालायला लागल्याशिवाय मी कामावर जाणार नव्हते.

नवऱ्याने तोडगा काढला. "नोटीस पिरियड बाकी आहे म्हण. सगळे तेच सांगतात."

खरं तर जुन्या कंपनीने मला मोकळं केलं होतं. शिवाय सिल्वासा ते केवढं! इथं एका कारखान्याच्या गेटवर शिंकलं तर दुसऱ्याच्या गेटवर ऐकू येतं. पण खरी गोष्ट वेगळीच. आईचं दुखणं म्हणजे काही लाजिरवाणं असल्यासारखं लपवायचं, याचाच मला राग आला.

मी फोन लावला. "माझी नोटीस संपलीय. पण आई अजून चालत नाही. मी वीसला येईन."

"सेठला विचारावं लागेल. दुसरा कँडिडेट पण तयार छे, हां."

"जरूर विचारा."

हातातोंडाशी आलेला घास घालवलास, असं नवऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. नोकरी जाऊ शकते हे मलाही कळत होतं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. मी आईचा व्यायाम घेत बसले.

संध्याकाळी फोन आला. "वीस चालेल, सेठ बोलले. पण मधे एकदा सॅम्पल बघायला चक्कर मारा ने."

"चक्कर नाही. वीसला आले की सगळं बघीन."

तो हसला. "ओके, मॅडम."

फोन ठेवून वळले तर आई वॉकर धरून पलंगाशेजारी उभी. सगळं ऐकलेलं. जन्मभर इथल्या मराठी शाळेत शिकवलं तिनं. मला वाटलं, आता म्हणणार, माझ्यापायी नोकरी घालवत होतीस.

"तुझ्या वेळी मी टेम्पररी होते," ती म्हणाली. "तू जेमतेम महिन्याची. तुला शेजारणीकडे ठेवलं आणि हेडमास्तरांनी सांगितलेल्या तारखेला वर्गावर गेले." मग हळूच पलंगावर टेकली. "तारीख आपणही सांगू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं गं."