लेआचे वडील

आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या गोपाळरावांना दूधवाल्याने माप काठोकाठ भरून दूध घातलं, तरी शंका यायची की आज हा इतका सरळ का वागतोय. बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मेसेज आला, तर पुढचा आठवडाभर ते पासबुक तपासत बसायचे. त्यांच्या पत्नी रेणुकाबाई याला 'हापिसाचा रोग' म्हणायच्या, आणि त्यात फार काही खोटं नव्हतं. गोपाळरावांचा सारा जन्म रजिस्ट्री ऑफिसात गेला. जमिनीच्या खरेदीखतासाठी समोर उभा असलेला माणूस खरा मालक आहे की मालकाच्या नावाने उभा केलेला तोतया, याचा निकाल त्यांच्या टेबलावर लागायचा. एकदा अशाच एका बाईला त्यांनी दस्तावरच्या नावाने मागून हाक मारली. बाईने वळूनसुद्धा पाहिलं नाही. खरी मालकीण कधीचीच वारली होती! साहेबांनी सगळ्यांसमोर गोपाळरावांची पाठ थोपटली, आणि तेव्हापासून ते सगळ्या जगाला मागून हाका मारत सुटले.

असा माणूस रिटायर होऊन घरात बसला. घरात संशय घ्यायला माणसं किती? रेणुकाबाईंना तर त्यांचं संसारभर तपासून झालं होतं. राहिली एकुलती एक मुलगी, स्वरा.

स्वरा हैदराबादला नोकरीत होती. कंपनी बंद पडली, पोरगी घरी आली आणि वर्षभर तोंड पाडून बसली. मग अचानक तिला काम मिळालं, तेही घरबसल्या. माडीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून ती दुपारभर कोणाकोणाशी बोलायची. जेवताना हसायला लागली, आईशी थट्टा करायला लागली. रेणुकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. गोपाळरावांनी चौकशी सुरू केली.

"काय काम करून राह्यली तू?"

"गाइडचं. मारिवा म्हणून देश हाय, बाबा. लहान लहान बेटं. तिथल्या सरकारनं आपला अख्खा देश इंटरनेटवर बनवला. कोणी बी घरूनच आत जाते. रस्त्यानं फिराचं, बाजार पाहाचा, समुद्रावर बसाचं. आवडलं त मंग खरं तिकीट काढाचं. मी आपल्या लोकाइले फिरवते."

"तू गेली होती का तिथं?"

"नाही."

"मंग गाइड कशाची?"

"त्याइले मराठी, तेलुगू, हिंदी तिन्ही बोलणारं माणूस पायजे होतं. आपल्या आदिलाबादेत कोणाले येत नाही तिन्ही?"

उत्तर चोख होतं, म्हणूनच गोपाळरावांना ते खटकलं. एखादं सरकार कोणाला फुकटात आत बोलावतं, हेच मुळी त्यांच्या गळ्याखाली उतरेना. शेताच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची, साधी नक्कल हवी असली तरी माणसाच्या चपला झिजतात, आणि हे सरकार म्हणतं या, फिरा, बसा? पाणी कुठंतरी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी ते चहाचा कप घेऊन जिन्यात उभे राहिले. वरून स्वराचा आवाज आला. "माझं नाव लेआ. माझं गाव अगदी समुद्राकाठी. माझे वडील कोळी होते."

चहा कपातच निवला. आपण धडधडीत जिवंत, पेन्शन खाऊन आहोत, आणि पोरीने बाप बदलला! वर तो बाप 'होते', म्हणजे वारलेलासुद्धा! खोट्या नावाने लोकांना गंडवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या गोपाळराव रोज पेपरात वाचत होते. अशा टोळ्यांत शेवटी सापडतं कोण? फोनवर बोलणारी पोरं. धनी नामानिराळे राहतात. उद्या पोलिसांची जीप दाराशी आली तर? ही भीती नाटकी नव्हती. स्वरावर त्यांचा जीव होता, फक्त तो त्यांना चौकशीखेरीज दुसऱ्या कुठल्या रीतीने दाखवता येत नव्हता.

"मंग तिलेच नीट विचारा ना," रेणुकाबाई म्हणाल्या.

"सापडल्याबिगर कोणी खरं सांगते का?" गोपाळराव म्हणाले आणि चपला घालून निघाले.

त्यांचे जुने मित्र भगवंतराव यांचं आदिलाबादला कचेऱ्यांजवळ झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानात एक कॉम्प्युटर रिकामा असायचा. भगवंतरावांनी मारिवा देश उघडून दिला. आत जायला नाव आणि गाव मागितलं. गोपाळरावांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, उत्तमराव, राहणार नांदेड. जन्मभर तोतये पकडणारा माणूस असा स्वतः तोतया होऊन परदेशी गेला, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आत गेल्यावर त्यांना एक अंगही मिळालं. त्याला पोट नव्हतं, चष्मा नव्हता, डोक्यावर गवती टोपी होती. समोर निळंशार पाणी, पांढरी वाळू. गोपाळरावांनी आधी सरकारी इमारत गाठली. कुठल्याही खिडकीवर रांग नाही, जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी नाही. बाजारात माशांचे ढीग, पण एक माशी नाही. म्हातारं माणूस औषधाला सापडेना. एवढा धुतलेला देश बघून त्यांची खात्रीच पटली की इथं काहीतरी लपवलंय.

भाषेत त्यांनी मराठी निवडली. एका झाडाखाली बरेच लोक जमले होते. कोणी पुण्याचे, कोणी नागपूरचे, प्रत्येकाच्या डोक्यावर नाव तरंगत होतं. मधोमध केसांत फूल माळलेली, सावळी, उंच लेआ उभी होती. आवाज स्वराचा. पण काय ते बोलणं! घरी 'काऊन' म्हणणारी पोरगी इथं 'का बरं' म्हणत होती.

गोपाळराव बोलले असते तर आवाजावरून पकडले गेले असते. त्यांनी टाइप केलं, "तुम्ही मूळच्या इथल्याच का?"

"हो काका," लेआ गोड हसून म्हणाली. "जन्म इथलाच."

खोटं! ते पुढचा प्रश्न टाइप करणार, तेवढ्यात पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "लेआ, तुझ्या बाबांची गंमत सांग ना. मी आज माझ्या बहिणीला मुद्दाम घेऊन आलेय."

लेआ वाळूवर बसली, तसे सगळे बसले. "माझे बाबा ना, समुद्रावरही विश्वास ठेवत नसत. होडी बांधली की दोर ओढून ओढून बघायचे. घराशी आले की आईला विचारायचे, होडी बांधली ना गं मी? आणि परत किनाऱ्यावर जायचे."

लोक हसले. गोपाळरावांचा हात थांबला. घराला कुलूप लावून, बसस्टँडपर्यंत जाऊन, ते ओढून बघायला परत येणारा माणूस त्यांना चांगला माहीत होता.

"आणि शेजाऱ्याने मासा दिला ना, तर आधी मांजरीला घालायचे. मग मांजर मरते का, ते बघत बसायचे. मांजर इतकी माजली होती!"

आता तर हशा पिकला. घरी हे घडलं तेव्हा तो मासा नव्हता, पेढा होता. पोरीने घरातली गोष्ट परक्या मुलखात नेऊन विकायला काढली होती. पुढे ती बाबांनी आपल्याला परीक्षेसाठी पलीकडच्या बेटावर नेल्याचं आणि पेपर सुटेपर्यंत भर उन्हात होडीतच बसून राहिल्याचं काही सांगत होती, पण गोपाळरावांच्या कानांत फक्त हसणं भरलं होतं. त्यांचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं.

बाहेर पडताना पडद्यावर पाटी आली. आमच्या देशाबद्दल काही सांगायचं आहे का? गोपाळरावांनी झरझर लिहिलं, "आपली लेआ नामक गाइड आपल्या देशाची नागरिक नाही. नाव, गाव, बाप सर्व खोटे आहे. सबब चौकशी व्हावी." लिहून झाल्यावर त्यांनी मनाशी म्हटलं की हे पोरीच्या भल्यासाठीच आहे. वेळीच दटावणी मिळेल, पोरगी सुटेल. शिवाय कुठलं सरकार तक्रारीची दखल घेतं?

या सरकारने घेतली, तीही दोनच दिवसांत. संध्याकाळी स्वरा माडीवरून खाली आली ती रडत रडतच. तिला कामावरून काढलं होतं. गाइडने स्वतःला आमची नागरिक म्हणवून घ्यावं असं आम्ही कधीच सांगितलं नाही, असं वरून कळवलं होतं.

"सांगितलं नाही?" तिने मारिवा सरकारनेच पाठवलेला कागद गोपाळरावांच्या पुढे धरला. नाव लेआ, गाव समुद्राकाठी, वडील कोळी, आता हयात नाहीत, सगळं त्यात लिहून दिलेलं होतं. गोपाळरावांनी तो दोनदा वाचला. म्हणजे संशय बरोबर होता. तोतया उभा करणारा धनी सरकारच होता, आणि तो ठरल्याप्रमाणे नामानिराळा राहिला होता.

"तक्रार करणारा कोणी उत्तमराव हाय नांदेडचा," स्वरा डोळे पुसत म्हणाली. "मी काय बिघडवलं होतं त्याचं? बाबा, तुमी अर्ज लिहून द्या मले. तुमच्यासारखा अर्ज कोणी लिहीत नाही. खोटा माणूस तुमी बरोबर पकडता."

गोपाळरावांनी कागद ओढला, पेन उघडलं. तक्रारदाराच्या नावापाशी हात अडला.

"काऊन थांबले?"

"असा माणूस नाही, पोरी."

"म्हणजे?"

"उत्तमराव म्हणजे मीच."

स्वराने आधी आईकडे पाहिलं, जणू आई म्हणेल की ही थट्टा आहे. रेणुकाबाई खाली बघत होत्या. स्वरा उठली आणि वर निघून गेली. गोपाळरावांनी मग अर्ज लिहिला, आपल्या खऱ्या नावाने, चूक कबूल करून. उलट टपाली उत्तर आलं की प्रकरण बंद करण्यात आलं आहे.

पुढे कितीतरी दिवस स्वरा त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बस. एका दुपारी गोपाळरावच माडीवर गेले. लॅपटॉप मिटलेला होता आणि स्वरा खिडकीत बसली होती. त्यांना माफी मागायची होती, पण तोंडातून निघाला तो सलच.

"माझं चुकलं. पण बापाले असं चारचौघांत हसण्यावारी काऊन नेलं?"

"हसण्यावारी?" स्वरा त्यांच्याकडे बघत राहिली. "त्याइनं कागदावर वडील कोळी इतकंच लिहून देल्लं होतं, बाबा. लोक विचारत, बाबा कसे होते, काय करत. मी काय सांगू? समुद्र मी पाह्यला नाही. होडीत कधी बसली नाही. सांगण्यासारखे मले तुमीच होते."

खालून रेणुकाबाईंनी चहाला हाक मारली. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"लोक परत परत येत," स्वरा म्हणाली. "देश पाहाले नाही येत. तुमचं ऐकाले येत."