कलमबाईंची साक्ष

कामगार खात्यात मी एकोणतीस वर्षं लघुलेखक होते, त्यातली चौदा वर्षं कलमबाईंच्या शेजारच्या टेबलावर. त्यांचं हे नाव कुणी पाडलं ते मला सांगता यायचं नाही. कुठलंही कलम विचारा, पुस्तक न उघडता पोटकलमासकट सांगायच्या, त्यावरूनच पडलं असणार. त्यांनाही ते माहीत होतं. एकदा फोनवर त्या शांतपणे "हो, कलमबाईच बोलतेय" म्हणाल्या आणि पलीकडच्या माणसाची पुरती तारांबळ उडाली.

खात्यात त्या आल्या टंकलेखक म्हणून. चार वर्षं दुसऱ्यांचे आदेश टाइप केले. टाइप करता करता चुका दिसायला लागल्या, आणि दिसल्या की त्या सांगायच्या. एका अधिकाऱ्याने वैतागून "मग तुम्हीच लिहा ना आदेश" म्हटलं, ते त्यांनी मनावर घेतलं. सकाळच्या कॉलेजात कायद्याची पदवी घेतली, खात्याची परीक्षा दिली, आणि ज्या खोलीत टाइप करायच्या त्याच खोलीत सुनावण्या घ्यायला लागल्या. कामगार कुणाला म्हणायचं, हा त्यांचा हातखंडा विषय. कामगार म्हटलं की कायदा लागू होतो, म्हणून मालक लोक माणसाला मदतनीस म्हणतात, सहकारी म्हणतात, काय वाटेल ते म्हणतात. बाई त्या नावाला भुलायच्या नाहीत. घरी दोन मुलींचं भांडण झालं तरी ही दोघींकडून लेखी म्हणणं मागवते, असं त्यांचे यजमान आम्हाला सांगायचे.

गाड्यांच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या कारखान्याची फाइल साहेबांनी स्वतः आणून बाईंच्या टेबलावर ठेवली, तेव्हाच मला जरा नवल वाटलं. एरवी साहेब शिपायाकरवी फाइल पाठवायचे. तक्रार बावीस बायकांची होती. त्या शिशाच्या जाळ्यांवर लेप लावायचं काम करत होत्या आणि कारखान्याच्या कागदांत त्या सगळ्या 'प्रशिक्षणार्थी' होत्या. कुणी चार वर्षं, कुणी सहा.

पहिल्या तारखेला कारखान्याचे वकील तासभर बोलले. शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, "यांना शिकवतं कोण?"

वकिलांनी व्यवस्थापकाकडे पाहिलं. व्यवस्थापकाने टेबलाकडे पाहिलं.

"सहा वर्षं शिकतायत. शिकवणाऱ्याचं नाव सांगा, मी लिहून घेते," बाई म्हणाल्या.

नाव मिळालं नाही. बाईंनी बायकांना एकेक करून पुढे बोलावलं आणि ओठ वर करून हिरड्या दाखवायला सांगितल्या. मी जवळच होते. नऊ जणींच्या दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. या बायकांची म्होरकी एक उंच, सडसडीत बाई होती, तिला आम्ही उंचबाईच म्हणायचो. तिने उजवा हात टेबलावर ठेवला. मनगटापासून पुढे पंजा लोंबत होता, वर उचलताच येत नव्हता. शिसं अंगात भिनलं की असं होतं, हे बाईंनी कुठेतरी वाचलेलं होतं. डोळ्यांनी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांनी रक्ततपासणीची नोंदवही मागवली.

दुसऱ्या तारखेला वकिलांनी ती वही आणली. नुसती आणली नाही, एक पान उघडून बाईंच्या समोर सरकवली. दर तीन महिन्यांनी तपासणी, सगळ्यांचे आकडे मर्यादेच्या आत, खाली तपासणाऱ्याची सही. मी लिहायला पेन्सिल उचलली होती. मी मान वर केली तर त्या सहीकडे बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर घाम आला होता. डोक्यावर पंखा गरगरत होता तरी.

त्यांनी पंधरा मिनिटांची विश्रांती जाहीर केली, मला हाताला धरून बाहेरच्या जिन्यावर नेलं आणि म्हणाल्या, "ती सही माझ्या दिरांची आहे."

त्यांचे दीर एका खासगी प्रयोगशाळेत होते. ती प्रयोगशाळा दहा-बारा कारखान्यांचं काम करायची. कुठल्या कारखान्यात आज कोण जातं, याची घरात कधी चर्चा होत नसे. एकाच छपराखाली राहून बाईंना हे माहीत नव्हतं. पण वकिलांना माहीत होतं. नाहीतर पान उघडून सरकवायचं कारण काय?

बाई तशाच साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि सांगितलं की एवढं मनावर घेऊ नका, त्या आडनावाची माणसं पायलीला पन्नास आहेत, सुनावणी चालू ठेवा. आपण कशात अडकलोय हे बाईंना एका क्षणात कळलं. निकाल कारखान्याच्या बाजूने दिला तर प्रश्नच मिटला. बायकांच्या बाजूने दिला, तर कारखाना अपिलात सांगणार की निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याचं नातं लपवलेलं होतं, आणि सगळं मुळापासून पुन्हा. तोवर आणखी किती जणींचे पंजे लोंबले असते.

त्या दिवशी त्यांनी पुढची तारीख देऊन सुनावणी थांबवली आणि तडक घरी गेल्या. पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं.

दीर नुकतेच कामावरून आले होते, स्वयंपाकघरात सासूबाईंशी बोलत बसले होते. बाईंनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"भाऊजी, आधी माझं ऐका, मग बोला. तुम्ही आत्ता जे सांगाल ते मला विसरता येणार नाही. नाही सांगितलंत तरी चालेल."

दिरांना काय झालंय ते लगेच उमगलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि बराच वेळ टेबलावरच्या प्लास्टिकच्या कापडाची घडी नखाने दाबत राहिले.

"वहिनी, रक्त मी घेतो. यंत्रावर लावतो मी," ते म्हणाले. "आकडे तिथून वर जातात, वरून टाइप होऊन येतात, मी सही करतो. पहिल्यांदा विचारलं होतं मी. तर म्हणाले, तुमच्या जागेसाठी बाहेर रांग लागलीय."

"आणि खरे आकडे?"

"माझ्या वहीत आहेत. स्वतःसाठी लिहून ठेवले. का ते नका विचारू."

सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या बाईंना म्हणाल्या, "हे ऐकलं नाहीस असं समज." बाई म्हणाल्या, "आई, मी आधीच सांगितलं होतं त्यांना."

सकाळी ऑफिसात येऊन बाईंनी मला दोन कागद लिहून घ्यायला बसवलं. पहिल्यात लिहिलं की या प्रकरणातल्या नोंदींवर सही करणारी व्यक्ती माझा सख्खा दीर आहे, म्हणून मी या सुनावणीतून बाजूला होते. दुसरं त्यांचं शपथपत्र होतं, साक्षीदार म्हणून. दिरांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द. माझी पेन्सिल दोनदा मोडली. मी म्हटलं, "बाई, पहिला कागद पुरे आहे. हात झटकून मोकळ्या व्हा." त्या म्हणाल्या, "माहीत नसतं तर झाले असते."

साहेबांनी शपथपत्र वाचलं आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आल्यावर बाईंनी पाण्याचे दोन ग्लास संपवले. फाइल गेली आमच्या सर्वात नवख्या अधिकाऱ्याकडे. जाड भिंगांचा चष्मा, आवाज खाली, कुणी मोठ्याने बोललं की पेन पाडायचा. सगळे त्याला चष्मेवाला म्हणायचे. साहेबांनी त्याला मुद्दामच निवडला, यात कुणाला शंका नव्हती.

बाईंचे दीर दुसऱ्याच दिवशी बॅग घेऊन मित्राकडे राहायला गेले. वहीही गेली त्यांच्याबरोबर.

साक्षीच्या दिवशी खोली गच्च भरली होती. ज्या खुर्चीत बाई इतकी वर्षं बसल्या, तिथे चष्मेवाला बसला होता आणि बाई समोर, साक्षीदाराच्या खुर्चीत. वकिलांनी आवाज मऊ ठेवला होता. घर कुणाच्या नावावर आहे, दिरांचं लग्न का झालं नाही, वाटणीवरून तुमचं आणि त्यांचं कधी वाजलं होतं का, असं एकेक विचारत गेले. बाई एका वाक्यात उत्तर द्यायच्या आणि थांबायच्या. मी त्यांचे हात बघत होते. मांडीवर एकमेकांत इतके घट्ट गुंफलेले की बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"म्हणजे स्वयंपाकघरात दिराने काहीतरी सांगितलं," वकील म्हणाले, "आणि ते तुम्ही इथे येऊन आम्हाला सांगताय. याला कायद्यात काय म्हणतात, हे तुमच्याइतकं इथे कुणाला माहीत नसेल."

"ऐकीव पुरावा म्हणतात. नुसत्या माझ्या सांगण्याला फारशी किंमत नाही, हे मला मान्य आहे," बाई म्हणाल्या. मग त्या चष्मेवाल्याकडे वळल्या. "म्हणूनच माझी विनंती आहे. ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर समन्स काढावं. वहीसकट."

वकील ताडकन उठले. हा अधिकार या टप्प्यावर नाही, साहेबांशी बोलावं लागेल, वगैरे सुरू झालं. चष्मेवाला घामाघूम. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने बाईंकडे पाहिलं, पण बाईंनी मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. एक शब्द सुचवला असता तरी पुढे तोच आक्षेप ठरला असता. त्या मिनिटाइतकं लांब मिनिट माझ्या नोकरीत दुसरं नाही. शेवटी चष्मेवाल्याने कायद्याचं पुस्तक ओढलं, पानं चाळली, बोट एका ओळीवर ठेवलं आणि मला म्हणाला, "समन्स लिहा."

दहा दिवसांनंतरची तारीख पडली, सकाळी अकराची. साडेअकरा झाले, दिरांचा पत्ता नाही. बारा वाजले. बाहेरच्या बाकांवर बावीसच्या बावीस बायका बसल्या होत्या. वकिलांनी घड्याळ बघून साक्षीदार आलाच नाही अशी नोंद करायची मागणी केली. बाई जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, "नाही आले तर मी त्यांना दोष देणार नाही." आणि लगेच म्हणाल्या, "खोटं बोलतेय मी."

सव्वाबाराला ते जिना चढून आले, कागदात गुंडाळलेली वही छातीशी धरून. वहिनीकडे न बघता आत गेले. त्यांच्या मागून सासूबाई आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.

दिरांनी पान उघडून आकडे वाचायला सुरुवात केली. उंचबाईचा म्हणून त्यांनी वाचलेला आकडा मर्यादेच्या तिप्पट होता. वकिलांनी विचारलं, वहीत नावं नाहीत, नुसते क्रमांक आहेत, कुठला आकडा कुणाचा हे कशावरून? दीर वळून दारात उभ्या असलेल्या बायकांकडे बघत राहिले.

"तीन वर्षं यांच्या दंडाला पट्टा मी बांधलाय," ते म्हणाले. "चेहरा न बघता हातावरून सांगतो. घ्या परीक्षा."

वकिलांनी घेतली. तेच चुकलं त्यांचं. दिरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, एकेक बाई मागून हात पुढे करायची. शीर कुठे आहे, कुठे भाजल्याचा डाग आहे, हे पाहून ते क्रमांक सांगायचे. मी ते कारखान्याच्या हजेरीपटावरच्या क्रमांकांशी ताडून लिहीत होते. एकोणीस बरोबर निघाले. उंचबाईचा लोंबता पंजा हातात आला तेव्हा त्यांना क्रमांक सांगता आला नाही. चष्मेवाल्याने पाणी मागवलं.

निकाल दोन महिन्यांनी लागला. बावीस जणी पहिल्या दिवसापासून कामगार होत्या असं ठरलं. उपचार कारखान्याच्या खर्चाने, आणि बऱ्या होईपर्यंत लेपाच्या विभागात कुणालाही पाठवायचं नाही. आदेश चाळीस पानी होता. त्यात बाईंना दोन चुका सापडल्या, पण त्या कुणाला दाखवता येईनात, म्हणून दिवसभर अस्वस्थ फिरत होत्या. कारखाना अपिलात गेला. नात्याचा मुद्दा त्यांनी काढलाच, पण बाजूला झाल्याचा कागद फाइलच्या पहिल्या पानाला लावलेला होता. अपील फेटाळलं.

दिरांना खोट्या नोंदींवर सही केल्याबद्दल शिक्षा झालीच. तीन वर्षं कुठल्याही प्रयोगशाळेत काम करायला बंदी. ते पंप दुरुस्तीच्या दुकानात लागले आणि पुढे तिथेच रमले. सासूबाई बाईंशी अकरा महिने बोलल्या नाहीत. चहा द्यायच्या, पण कप असा आपटायच्या की बशीत अर्धा सांडायचा. अकराव्या महिन्यात बाईंना ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "आज ऑफिसला जाऊ नकोस." बाई मला सांगताना हसल्या. म्हणाल्या, "एका वाक्यासाठी मी दोन दिवस जास्त झोपून राहिले."

निकालानंतर पंधरा दिवसांत साहेबांनी बाईंची बदली जुन्या कागदांच्या कोठारात केली होती. दोन वर्षं त्या धुळीत बसल्या, शिंकत होत्या, पण एक तक्रारअर्ज केला नाही. साहेब निवृत्त झाल्यावर परत आल्या.

बायकांपैकी बहुतेक जणी सुधारल्या. उंचबाईचा पंजा निम्मा वर यायला लागला, तिथेच थांबला. ती एकदा ऑफिसात आली होती, बाईंना भेटायला. डाव्या हाताने लिहायला शिकले म्हणाली, आणि नवीन आलेल्या आठ मुलींचे अर्ज पुढे ठेवले. तिनेच लिहिलेले, वेड्यावाकड्या अक्षरात. कारखाना आता त्यांना 'स्वयंसेवक' म्हणत होता. बाईंनी चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, "नवी फाइल काढ."