दोघांचा रंधा

मंगळवार, २४ फेब्रुवारी २०२६. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी अमडापूरच्या स्टँडवरून चिखलीच्या एसटीत बसलो. पुढे धाडला जायचे होते. पिशवीत पाण्याची बाटली, टॉर्च, एक सुती फडके आणि फुटपट्टी. वय बहात्तर. भावाच्या घरी विचारले तेव्हा धाडला काम आहे एवढेच सांगितले. भंगार चाळायला चाललो असे सांगितले असते, तर कोणी जाऊ दिले नसते.

याच स्टँडवरून १९७५ च्या जूनमध्ये मी गाव सोडले. तेव्हा पिशवीत दोन जोड कपडे आणि आयटीआयचा दाखला होता. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्याचे नमुने, करणाऱ्या कारागिराची जागा मिळाली होती. वडील सोडायला आले. "पोहचला का चिठ्ठी टाकजो," एवढे म्हणाले आणि गाडी सुटायच्या आधीच परतले. आमचे घर सुतारांचे. पडवीत एका दाराच्या फळ्या अर्धवट पडल्या होत्या. धाकटा भाऊ वसंता स्टँडवर आलाच नाही. तो त्या फळ्यांपाशी बसून होता.

त्या फळ्या पुढे आमच्या पडवीत पूर्ण झाल्या नाहीत. त्याचे कारण सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे शिसवी लाकडाचा, हातभर लांबीचा एक जड रंधा होता. तो एकट्याने चालत नसे. एकाने मागून ढकलायचा, दुसऱ्याने समोर बसून दोरीने ओढायचा. मी ढकलत असे, वसंता ओढत असे. सहा वर्षे आम्ही तो चालवला. वडिलांना दमा होता. त्यांच्याने ढकलणे होत नव्हते. मी गेलो आणि रंधा थांबला. ते दार चिखलीच्या सॉ मिलवर गेले. हळूहळू गावची कामेही तिकडेच गेली. वसंताने दोन एकरांत भाजीपाला लावला.

वडील वारले त्याच्या पुढच्या वर्षी मी वर्षश्राद्धाला आलो, तर पडवी रिकामी होती. वसंताने सगळी हत्यारे एका फिरत्या व्यापाऱ्याला देऊन टाकली होती. मी कठोर बोललो. विकण्याआधी मला विचारायला हवे होतेस, असे म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "तू जायच्या आधी मले विचारलं होतं?"

या गोष्टीला तीस वर्षे झाली. त्यानंतर आम्ही पाऊस, सोयाबीन आणि नातवंडांच्या परीक्षा यांवर बोललो. सुतारकामावर एक शब्द नाही.

कोल्हापूरने मला वाईट वागवले नाही. पॅटर्न शॉपमध्ये छत्तीस वर्षे नोकरी केली. सुरुवातीला माझे 'मले' आणि 'तुले' ऐकून कँटीनमध्ये लोक हसत. वर्षभरात मी तसे बोलणे बंद केले. पुढे पॅटर्न कॉम्प्युटरवर आखले जाऊ लागले, लाकडाच्या जागी ॲल्युमिनियम आले, आणि शॉपमधले रंधे, करवती, पटाश्या पोत्यांत भरून भंगारात निघाल्या. त्यांतली एक पटाशी मी मागून घेतली. छंद तेव्हापासूनचा.

निवृत्तीनंतर फ्लॅटची बाल्कनी ताब्यात घेतली. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या कारखान्यांतून मी हत्यारे आणतो. रॉकेलमध्ये भिजवतो, गंज काढतो, पाते निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, घासतो, मूठ तुटली असेल तर नवी करतो. गंजाखालून लोखंडाला जोडलेल्या पोलादाची बारीक रेघ वर येते, तेव्हा मला राहवत नाही. सुनेला हाक मारून दाखवतो. ती दर वेळी छान म्हणते आणि गॅसकडे परत जाते. लहानमोठे, गोल तळाचे, खाचेचे, नाना प्रकारचे रंधे जमले. दोघांचा रंधा मात्र कधी मिळाला नाही. मोठे लाकूड आधी चुलीत जाते.

या वेळी वसंताच्या नातीच्या लग्नासाठी मी गावी आलो होतो. पंगतीत एक पाहुणा सहज म्हणाला की धाडच्या एका भंगारवाल्याने एका सुताराचे अख्खे दुकान उचलले आहे आणि त्यात बैलगाडीच्या धुरीएवढा एक रंधा आहे. मी पुढचा घास घेतला नाही. अतिशयोक्ती वजा केली तरी रंधा मोठा होता.

मला तो भिंतीवर लावायचा नव्हता. तो चालू व्हावा, वसंताने दोरी धरावी आणि आम्ही एक फळी पूर्ण करावी, एवढेच मला हवे होते. परतीचे तिकीट बुधवारचे होते. आमच्या वयात पुढची खेप गृहीत धरता येत नाही.

धाडला पोहोचलो तेव्हा भंगारवाले सलीमभाई नुकतेच दुकान उघडत होते. त्यांच्याकडे लोखंड एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला. हत्यारांची पाती काढून लोखंडात टाकली होती. उरलेले लाकूड शेजारच्या चहाच्या हॉटेलसाठी सरपण म्हणून रचले होते. मी ढिगापाशी गुडघे टेकले. तुटक्या पाट्या, खाटेचे पाय, चौकटीचे तुकडे मी बाजूला करत गेलो. खालून तिसऱ्या थरात त्याची काळी पाठ दिसली. ओढून बाहेर काढला. शिसम. तडा नाही. तळाला वाळवी नाही. मी फडक्याने त्याची पाठ पुसून काढली.

तो आमचा रंधा नव्हता. हे पहिल्या नजरेत कळले. माझ्या आनंदात त्याने काही उणे झाले नाही.

आता पाते हवे होते. पाते बसण्याचा गाळा फुटपट्टीने मोजला: दोन इंच तीन सूत. लोखंडाच्या ढिगात सायकलच्या चेन, तवे, नांगराचे फाळ होते. तासभर शोधले. सलीमभाईंनी विचारले, "काका, सोनं पडलं का तुमचं?" मी माप सांगितले. थोड्या वेळाने तेही बाह्या सारून शोधायला बसले. गिऱ्हाईक आले, त्याला थांबायला सांगितले. पाते शेवटी मलाच दिसले. ते त्यांच्याच वजनकाट्याच्या एका पायाखाली टेकण म्हणून सरकवलेले होते.

"ते नका घेऊ," सलीमभाई म्हणाले. "काटा हलीन."

मी विटेचा तुकडा घासून त्या जाडीचा केला, काट्याखाली सरकवला आणि पाते घेतले. गाळ्यात धरले. बसले. केसभरही जागा उरली नाही. सलीमभाई माझ्याकडे पाहून हसले. मीही हसलो असावा. परतताना जीपमध्ये रंधा मांडीवर घेतला. शेजारची बाई म्हणाली, आजोबा, खाली ठेवा की. मी ठेवला नाही.

दुपारी बारा वाजता घरी पोहोचलो. वसंता अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होता. मी रंधा त्याच्यासमोर ठेवला. त्याने एकदा पाहिले आणि पुढची जुडी उचलली. संध्याकाळी एक फळी काढू, असे मी म्हणालो. गोठ्याच्या दारासाठी चिरून आणलेल्या कडुनिंबाच्या तीन फळ्या दोन वर्षे भिंतीला टेकून उभ्या होत्या. खांदा दुखतो, असे तो म्हणाला. मग मेथी कोण पाहील, असेही म्हणाला. मी आग्रह केला नाही.

पडवीत आता तुषार सिंचनाचे पाइप असतात. ते सरकवून मी बसलो. प्रवासात हत्यारांची एक कापडी गुंडाळी माझ्यासोबत असते. निसणा, कानशी, भोक पाडायचे गिरमिट, एक लहान पटाशी. तळ अंगणातल्या फरशीवर पॉलिश पेपर पसरून घासला, सरळ केला. पात्याचा गंज उतरला, पोलादाची रेघ उजळली. धार लावली तेव्हा मनगटावरचे केस निघाले. पाते घट्ट धरणारी पाचर कुजली होती. बाभळीची नवी केली. पुढच्या टोकाशी, तळापासून दोन बोटे वर, एक आरपार भोक होते. कडा झिजलेल्या, वेड्यावाकड्या. कोणीतरी मागाहून पाडून लाकूड खराब केले, असे मला वाटले. सागाचा गुटका ठोकून ते बुजवले आणि असे घासले की शोधूनही सापडू नये. दोरीसाठी वरच्या अंगाला नवी खुंटी बसवली. खुंटी सुबक झाली. जेवायला दोनदा हाक आली, गेलो नाही. साडेचार वाजता रंधा तयार होता. इतके चांगले काम मी अनेक वर्षांत केले नव्हते.

वसंता टाक्यावर हात धुवायला आला. जाता जाता थांबला.

"हे खुंटी कोणं ठोकली?"

मीच, म्हणालो.

तो वाकला. पुढच्या टोकावरून अंगठा फिरवला. "अन् इथलं भोक?"

"बुजवलं. खराब झालं होतं."

"बुजवलं," तो म्हणाला. "मंग दोरी आता काय तुह्या नाकात ओवू?"

मी वरची खुंटी दाखवली. त्याने मान हलवली. "वरून ओढलं का रंधा तोंडावर पडते. दोरी खालतून पाह्यजे. ते भोक काय उंदरानं पाडलं होतं? दोरीनं झिजलं थे." मग सावकाश म्हणाला, "पण तुले कसं दिसन. तू तं मांगं होता."

हे खरे होते. सहा वर्षे मी तसाच एक रंधा ढकलला आणि त्याची पुढची बाजू कधी नीट पाहिली नाही. नंतर एवढे रंधे दुरुस्त केले, तरी पाहायचे सुचले नाही. ओढणाऱ्याला काय लागते, हे ओढणाऱ्यालाच ठाऊक होते.

"दे थे गिरमिट," वसंता म्हणाला.

तीस वर्षांत त्याने सुतारकामाचे हत्यार हातात घेतलेले मी पाहिले नव्हते. त्याने बैठक मारली, रंधा दोन्ही पायांत धरला आणि माझा सुबक गुटका पोखरायला सुरुवात केली. हात चुकत नव्हता. मी समोर बसलो. आता बोललो नाही तर बोलणे होणार नाही, हे मला कळत होते. पन्नास वर्षांपूर्वी सोडलेली बोली आपोआप आली.

"तवा तुले विचाराले पाह्यजे होतं. जायच्या आधी."

गिरमिट थांबले नाही. लाकडाचा भुसा त्याच्या पायावर पडत होता.

"हाव," तो म्हणाला. "पाह्यजे होतं."

मग त्याने गोल कानशीने भोकाच्या कडा गुळगुळीत केल्या, फुंकर मारली आणि दोरी मागितली.

फळी अंगणात आडवी केली. तो समोर बसला, मी मागे उभा राहिलो. दोरी ताणली जाण्याच्या आधीच मी ढकलले. रंधा अडखळला आणि फळीला खड्डा पडला. "कोल्हापुरात सारं एकट्यानंच ढकललं वाटते," वसंता म्हणाला. दुसऱ्यांदा मी त्याच्या खांद्याकडे पाहून ढकलले. तिसऱ्यांदा पाहावे लागले नाही. पात्याचा आवाज बदलला, खरखर गेली, आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग छिलका वर उसळून माझ्या मनगटाभोवती वळला. मी थांबून तो पाहू लागलो. "काऊन थांबला? ढकल ना बे," वसंता ओरडला. थोरल्या भावाला त्याने आयुष्यात कधी 'बे' म्हटले नव्हते. मी ढकलले. तासाभरात फळी आरशासारखी झाली. खांद्याचे नाव निघाले नाही.

गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनी 'घर' या शब्दाविषयी पुष्कळ विचार केलेला असतो. मी थोडक्यात सांगतो. कोल्हापूरला माझे घर आहे; विजेचे बिल माझ्या नावावर येते. अमडापूरचे घर वसंताचे आहे. तिथे मी इतकी वर्षे पाहुणा होतो. मला पाटावर बसवत, चहा आधी मला देत, माझे कधी काही चुकत नसे. त्या संध्याकाळी माझे चुकले आणि मला ओरडा बसला. माझ्या हिशेबाने एवढे पुरेसे आहे.

दोन फळ्या उरल्या होत्या. चिखलीच्या ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करून तिकीट शुक्रवारचे करून घेतले. मग पाचर सैल केली, पाते काढले, निसण्यावर पुन्हा धार केली आणि गंज चढू नये म्हणून तेलाचे फडके फिरवून ते कागदात गुंडाळून ठेवले.