काउंटरच्या अलीकडची खुर्ची

अंजूरच्या केसरीनाथ पाटलांनी चौतीस वर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात बारमागे उभं राहून लोकांना दारू बनवून दिली, आणि स्वतः मात्र एक पूर्ण ग्लास कधी प्यायले नाहीत. गावात हे कुणाला पटत नसे. "चौतीस वरसा दारूत उभा नि कोरडा?" म्हणून लोक त्यांची फिरकी घेत. पण ड्युटीवर प्यायचं नाही हा तिथला नियम होता आणि केसरीनाथ नियमाचे पक्के, तो ड्युटीबाहेरही पाळणारे. स्ट्रॉचं टोक बुडवायचं, एक थेंब जिभेवर ठेवायचा, चुकलं असेल तर सरळ ओतून द्यायचं. त्या एका थेंबाच्या जोरावर मोठमोठे साहेब त्यांचं नाव घेऊन हॉटेलात येत.

निवृत्त होताना त्यांनी मनाशी एकच हौस धरली. एकदा काउंटरच्या अलीकडच्या खुर्चीवर गिऱ्हाईक म्हणून बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी नीट बनवलेली मार्टिनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. जिन, त्यात थोडी व्हरमूथ नावाची वाइन, बर्फावर ढवळून गाळलेली, वर लिंबाची साल. एवढंच. चूक झाकायला त्यात दुसरं काही नसतं, म्हणून ती बिघडवणं फार सोपं.

तर ही हौस घेऊन केसरीनाथ इस्त्रीचा शर्ट घालून दुपारचे हिंडू लागले. भिवंडीच्या एका परमिट रूममध्ये वेटर म्हणाला, "चाचा, क्वार्टर बोलो ना, टाइम क्यों खोटी करते हो?" दुसरीकडे मार्टिनी म्हणून लाल सरबत आलं, वर चेरी. तिसरीकडे एका पठ्ठ्याने पाण्याच्या बाटलीत बर्फ कोंबला, बूच लावलं आणि ती ताकासारखी घुसळली. केसरीनाथांनी डोळे मिटून घेतले.

मग ते ठाण्यापर्यंत गेले. तिथल्या एका हॉटेलात बारवर एक तरुण मुलगी होती. हात सफाईदार, ग्लास आधीपासून गार करून ठेवलेला. केसरीनाथांनी घोट घेतला आणि चार लोकांदेखत ग्लास मागे सरकवला. "पाणी आहे हे. निव्वळ पाणी." पोरीचा चेहरा खर्रकन उतरला.

घरीही तीच तऱ्हा. कोरोनाच्या तापातून उठल्यापासून त्यांना कशातच राम वाटेना. खाडीची मासळी सांडपाण्याने बेचव झाली, दुधात भेसळ, चहाची पत्ती भुशाची. सगळ्या जगाला त्यांनी नावं ठेवली, आणि त्यातून बायकोही सुटली नाही. ठकुबाईच्या हातच्या मटणाच्या मसाल्यासाठी अख्ख्या गावातून हळदीच्या जेवणाची बोलावणी येत. भावकीच्या जेवणात केसरीनाथांनी भर पंगतीत ताट सरकवलं. "ह्याला काय चव न्हाय. तुझा हात गेला आता, ठकू."

बाकीची मंडळी बोटं चाटत होती. पण ठकुबाईने विश्वास ठेवला तो नवऱ्यावर. एवढे मोठे साहेब ज्या जिभेला मानत होते, ती खोटं कशाला बोलेल? तेव्हापासून तिने दुसऱ्याच्या चुलीवर हात चालवला नाही. सख्खी नात हेमाली, तिच्या हळदीलाही मसाला केटररने वाटला आणि ठकुबाई मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिली.

मग मागच्या महिन्यात जीवनचा फोन आला. राहनाळचा जीवन सहा वर्षं केसरीनाथांच्या हाताखाली शिकला होता. आता चाळिशी उलटलेली, मानकोली नाक्यावरच्या नव्या रेस्टॉरंटचा बार त्याच्याकडे. "सर, या ना एकदा. तुमची मार्टिनी मी बनवतो." केसरीनाथांनी त्याला सहा वर्षांत "चालेल" याच्या पुढे शाबासकी दिली नव्हती. "बरोबर" हा शब्द ते कुणालाच देत नसत.

दुपारी तीनला बार रिकामा होता. काचेबाहेर गोदामांचे ट्रक रांगेत उभे होते. केसरीनाथ खुर्चीवर ताठ बसले आणि जीवनच्या हातांवर डोळे रोखले. मोठा, कोरडा बर्फ. माप काटेकोर. व्हरमूथची बाटली फ्रिजमधून काढलेली, कारण उघडल्यावर ती बाहेर राहिली तर खराब होते, हा त्यांचाच धडा. चमचा काचेला न वाजता फिरला. साल ग्लासवर पिळली गेली. बोट ठेवायला कुठे जागा नव्हती.

केसरीनाथांनी घोट घेतला. गार लागलं. घशाला जाळ लागला. बाकी काही नाही.

त्यांनी ग्लास नाकाजवळ धरला, मोठा श्वास घेतला. लिंबाचा वास नाही. दुसरा घोट, तिसरा. नुसतं गार पाणी आणि जाळ. डोळ्यांदेखत नीट बनलेली गोष्ट पाणी कशी होईल?

जीवन टॉवेलला हात पुसत उभा होता. "कसं झालंय, सर?"

"बरोबर," केसरीनाथ म्हणाले.

जीवनचा चेहरा असा फुलला की ते बघवेना. ढवळायच्या भांड्यात थोडी उरली होती, ती त्याने हौसेने स्ट्रॉवर घेतली, जिभेवर ठेवली, आणि त्याचं तोंड वाकडं झालं. तो वेटरकडे वळला, आवाज खाली आणून म्हणाला, "ये व्हरमूथ की बोतल बाहर थी क्या?"

"आप छुट्टी पे थे तब फ्रिज बिगड़ा था ना सेठ. महीनाभर बाहर ही थी, कल ही अंदर रखी."

केसरीनाथांनी ऐकलं. जीवन परत आला तेव्हा त्याने बाटलीचं नाव काढलं नाही. "बास ना सर, उन्हातून जायचंय तुम्हाला," म्हणत त्याने अर्धा ग्लास हळूच त्यांच्यापुढून उचलला आणि त्याच्या जागी पाण्याचा ठेवला. जास्त झालेल्या गिऱ्हाइकाचा ग्लास असाच काढायचा, त्याला अपमान वाटू द्यायचा नाही, हेही केसरीनाथांनीच त्याला शिकवलं होतं.

रिक्षातून येताना त्यांना ठाण्याची ती पोरगी आठवली.

घरी ठकुबाईने ताट वाढलं आणि रोजच्यासारखं चोरट्या आवाजात विचारलं, "मीठ पुरलं का?"

केसरीनाथांनी ताट जवळ ओढलं. चौतीस वर्षं जिच्यावर जगले ती जीभ आता त्यांना नीट बोलू देईना. "ठकू," शेवटी ते म्हणाले, "तुझ्या हाताला काय झालं न्हाय. कवाच काय झालं न्हवतं. माझी जीभ गेलीय. नाक पन. त्या तापापासून."

ठकुबाईच्या हातात वाढायचा डाव होता. रागावली असती, रडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने डाव पातेल्यात ठेवला.

"मंग," ती म्हणाली, "हेमालीच्या हळदीला मी का बसून राहली?"