बायकोचं वय आणि बोहारणीची गाळणी

माझ्या बायकोचं मनगट मी मोडलं आणि तेही ती वयाला शोभून दिसावी म्हणून.

(हात उगारला नव्हता. तेवढा गुन्हा माझ्या नावावर नाही. बाकीचे सगळे आहेत.)

मी मुखेडला हायस्कुलात गणित शिकवतो. मुलगी पल्लवी बारावीला गेली तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिला लातूरला क्लासला घातलं. रिवाजाचा दुसरा भाग असा की मुलीबरोबर आई जाते आणि बाप गावाकडे पोळ्या करपवत बसतो. सुरेखानं तिथं तिसऱ्या मजल्यावर एक खोली घेतली. खाली घरमालकीण शहनाजआपा शिवणकाम करायच्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे कपडे त्यांच्या मशीनखालून जायचे.

सहा महिन्यांनी एका रविवारी मी न कळवता गेलो. जिन्यात हिरवट पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन भराभरा चढत होती. मी अदबीनं भिंतीला टेकून वाट दिली. तिनं वळून पाहिलं.

"बघत काय राहिलात? एक बादली घ्या की!"

माझीच बायको होती!

मी बादली घेतली नाही. चाळिशीच्या बाईनं, लेकीच्या लग्नाचं वय आलेलं असताना, असे कपडे घालावेत का, या विषयावर मी वरच्या पायरीपर्यंत बोलत गेलो. खोलीत बादल्या ठेवून सुरेखानं कपाळ पुसलं.

"भूकंपात चाललं की तुम्हाला."

हे खरं होतं. भूकंप झाला त्या वर्षी आमचं नवीन लग्न. लातूरकडं गावंच्या गावं गेली होती. आमच्याकडं भिंतींना तडे गेले आणि माणसांच्या मनांना त्याहून मोठे. कित्येक आठवडे आम्ही अंगणात ताडपत्रीखाली राहत होतो. जमीन जराशी हलली की सगळे धावत. नवी सून साडीत पाय अडकून एकदा पडली तेव्हा माझ्या आईनंच सांगितलं, "माहेरचे डरेस घाल बाई. जीव राहिला तर लाज राखता येईल." पुढं धक्के थांबले. आई काही बोलली नाही. मी बोललो. म्हणालो, "आता जमीन स्थिर झाली. आता साडी नेस." तेव्हा ती वीस वर्षांची होती.

"ते संकट होतं," मी म्हणालो.

"मग हे काय हाय? तीन जिने, दोन बादल्या, सायकलवरून पोरीचा डबा. माझा तर रोजच भूकंप हाय."

कोपऱ्यातून पल्लवीनं पुस्तकातून डोकं न काढता विचारलं, "बाबा, मिशीला कलप कोणत्या वयापर्यंत लावावा?"

त्यावर मी जे केलं ते सांगायला आजही जीभ रेटत नाही. दोरीवरचे दोन आणि तिला बदलायला लावून अंगावरचा एक असे तिन्ही ड्रेस पिशवीत घातले आणि मुखेडला घेऊन आलो. बुधवारी दारात बोहारीण आली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी ही बाई माझ्याशी कधी बोलत नसे, कारण असले व्यवहार बायकांचे. त्या दिवशी मी स्वतः बोललो. बरीच घासाघीस करून तीन ड्रेसवर स्टीलची एक चहाची गाळणी मिळवली! मला वाटलं, घराण्याची अब्रूही वाचली आणि चहाची सोयही झाली.

पुढच्या महिन्यात क्लासमध्ये पालकसभा होती. मी मोटारसायकलवर गेलो. सुरेखा माझ्या सांगण्याप्रमाणे काठापदराची साडी नेसून मागं बसली. रस्ताभर मला अभिमान वाटत होता. (गाडी चालवताना अभिमान वाटू देऊ नये.) चौकाच्या अलीकडं मागून एक हिसका बसला, आणि गाडी अचानक हलकी झाली.

पदर चाकात गेला होता. सुरेखा रस्त्यावर पडली होती, डावा हात अंगाखाली. लोकांनी चाक मागं फिरवून पदर सोडवला. तिनं आधी पदर खांद्यावर घेतला आणि मग म्हणाली, "हात हालंना."

डॉक्टरांनी कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. सहा आठवडे. पल्लवीची परीक्षा पाच आठवड्यांवर. मी रजा टाकून लातूरला राहिलो. स्वयंपाक, पाणी, डबा, सगळं करीन म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा साडी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"एका हातानं नेसता येईना. नेसवा."

"मी?"

"पोरीचा वेळ घालवू? का आपांना तीन जिने चढायला लावू?"

वीस वर्षं गणित शिकवून मला सारख्या अंतराच्या पाच निऱ्या घालता येत नाहीत, हे त्या सकाळी सिद्ध झालं. पहिली वितभर, दुसरी बोटभर, तिसरी कुठं गेली ते कळलंच नाही. पिन माझ्या अंगठ्यात घुसली. पल्लवी रसायनशास्त्र पाठ करता करता सांगत होती, "बाबा, उजवीकडून खोचा. तुमची उजवी नव्हे, आईची!"

तिसऱ्या दिवशी खाली टाकीवर, पाण्याला आलेल्या सगळ्या बायांसमोर, माझ्या निऱ्या सुटल्या. म्हणजे मी घातलेल्या, तिच्या. एका हातात साडीचा बोंगा धरून ती उभी राहिली. कोणी हसलं नाही. मी बादल्या टाकून पळत गेलो, तर सुरेखा खालच्या आवाजात म्हणाली, "राहू द्या. मी धरलंय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पडली तेव्हासुद्धा नव्हतं.

वर आल्यावर मी हात जोडले. "चुकलो. ड्रेस घाल."

"कुठला? गाळणीतला?"

"मुखेडहून तुझा गाऊन आणतो."

"नको. चाळिशीच्या बाईला शोभंल तेच नेसवा. सकाळी सातला तयार राहत जा."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्यामुळंच मला पळायला जागा उरली नाही. मग ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "तुम्ही नेलेत. तुम्हीच आणा."

त्याच दुपारी कापड घेऊन मी आपांसमोर उभा राहिलो. त्यांनी मशीन थांबवलं.

"क्या बात है सर, आज तुम्ही? बोला, कसा शिवू?"

"पूर्ण बाहीचा. वयाला—" मी जीभ चावली.

"वय नको, माप सांगा."

मी कापडाची घडी उलगडून पुन्हा घातली.

"लग्नाला किती साल झाले?"

"एकोणीस."

"एकोणीस सालात बायकोचं वय तेवढं मोजलं का ओ?" त्यांनी टेप माझ्या गळ्यात टाकला. "जा, घेऊन या. मी चढणार नाय. बाईचं माप तुम्हीच घ्यावं, असं मला वाटून राहिलंय."

मी वर गेलो. सुरेखा उठून उभी राहिली. खांदा, छाती, कंबर, उंची मी दोन-दोनदा मोजलं. शेवटी तिनं बाहीसाठी हात पुढं केला. मी मनगटाभोवती टेप फिरवला, आकडा काळजीपूर्वक लिहिला, आणि दुसरी बाही तेवढीच असणार म्हणून तोच आकडा पुन्हा लिहिला.

तिनं पुढं केलेला हात प्लास्टरचा होता!

चार दिवसांनी ड्रेस आला. जांभळा, सुरेख. डावी बाही प्लास्टरवरून अलगद उतरली. उजव्या बाहीत तिचा बारीकसा हात शिरला आणि दिसेनासा झाला. सुरेखानं ती बाही वर धरून हलवली, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "दुसराबी मोडायचा विचार हाय का?"

आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसली. पल्लवीनं पुस्तक मिटून हसून घेतलं. मी हसावं की नाही, ते कळेना.

आपा बाह्या आवळून द्यायला तयार होत्या. सुरेखा नको म्हणाली. प्लास्टर निघालं, परीक्षा झाली, आम्ही मुखेडला परतलो, तरी ती बाजाराला तोच ड्रेस घालून जाते. दोन्ही बाह्या वाऱ्यानं फुगतात. बाया थांबवून विचारतात, "ही कुठली फ्याशन गं या वयात?"

"फ्याशन न्हाई," ती शांतपणे सांगते, "आमच्या सरांनी माप घेतलंय. गणित शिकवतात."