अंगावर नको

तिला सगळी गल्ली टाचणी म्हणायची. एक तर ती अंगाने तशी, आणि दुसरं म्हणजे तिच्या ओठांत कायम टाचण्या. गिऱ्हाइकाला अर्धवट शिवलेला कोट घालायला लावायचा, ओठांतली एकेक टाचणी काढून शिवण धरायची आणि त्याच मिटल्या ओठांनी बजावायचं, "पोट आत घेऊ नका. आज कोट फसेल, उद्या बटण फसणार नाही." आता तोंडात टाचण्या धरायच्या म्हणजे श्वास नाकाने घ्यावा लागतो. त्यामुळे बाकीच्यांना नुसती सर्दी व्हायची, टाचणीच्या दुकानाला मात्र टाळं लागायचं.

या खेपेला नाक चोंदलं तेव्हा तिला दुकान आठवलंसुद्धा नाही. लेक जेमतेम दोन महिन्यांची होती आणि नुसत्या आईच्या दुधावर होती. टाचणीने औषधाला हात लावला नव्हता. "गोळी मी गिळायची आणि चढायची हिला," एवढंच तिचं म्हणणं. शिंक आली की ती पाळण्यापासून पळत दाराबाहेर जायची.

"अगं, शिंकायला परगावी कशाला जातेस?" सासूबाई म्हणायच्या. "तोंडावर रुमाल धर की." पण त्यांचाही डोळा नातीच्या नाकावरच असायचा.

अंगात कणकण भरली तेव्हा नवऱ्याला दवाखान्यात धाडलं. एवढंसं लेकरू घेऊन खोकणाऱ्यांच्या रांगेत बसायला टाचणी तयार नव्हती. हा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या चौकोनी विहिरीत एकट्याने लोंबकळून त्याची बोलायची सवयच मोडली होती. शब्द तो मोजून काढायचा आणि क्रियापद तर बहुतेक वेळा काढायचाच नाही. लग्नाची मागणीसुद्धा त्याने "तू नि मी. बरं?" एवढ्यावर उरकली होती, आणि तिला ती पुरली होती. पुरायला नको होती, असं सासूबाईंचं मत.

तो परत आला, गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगावर नको. ही गोळी. पाणी भरपूर." तेवढ्यात फोन वाजला. कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये माणसं अडकली होती. तो गेलाच.

घरात उरल्या सासू-सुना.

"अंगावर नको," टाचणी हळूच म्हणाली. "म्हणजे... पाजायचं नाही?"

"दुसरं काय असणार? बाळ अंगावरच पितं ना." सासूबाईंचाही आवाज उतरला होता. "दुधातून जात असेल सर्दी."

नवऱ्याचा फोन लिफ्टच्या विहिरीत लागेना. दवाखाना संध्याकाळपर्यंत बंद. मग डब्यातली दुधाची पावडर आणली, पाणी उकळून निववलं, डब्यावर लिहिल्याबरहुकूम कालवलं आणि चमच्याने पाजायला बसल्या. लेकीने पहिला चमचा तोंडात घोळवला, विचार केला आणि सासूबाईंच्या चष्म्यावर परत केला. मग जी रडायला लागली ती थांबेना. तिकडे ती रडे आणि इकडे टाचणीला पान्हा फुटे. छाती दगडासारखी झाली, झगा भिजला. जवळ घ्यावं तर भीती, न घ्यावं तर जीव तुटतोय. आपल्याच घरात ती चोरासारखी भिंतीला टेकून उभी राहिली.

सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी आपल्या बटव्यातून एक पिवळी गोळी काढली. "ही घे. माझी सर्दीची. नाक असं आटतं की थेंब दिसायचा नाही. आता पाजायचंच नाही, तर तू कशाला भोगतेस?"

हिशेब बरोबर होता. टाचणीने गोळी तळहातावर घेतली, पाण्याचा पेला उचलला. पण 'आटतं' हा शब्द तिला टोचला. टाचणीलाच टोचला म्हणजे बघा.

"नाकच आटतं का हो, आई? की जे वाहतं ते सगळंच?"



पेला खाली ठेवला गेला. गोळी रुमालात बांधून, लेकीला गुंडाळून दोघी दवाखान्याच्या दारात जाऊन बसल्या, दार उघडायच्या कितीतरी आधी.

"पाजणं बंद केलंत?" डॉक्टरबाई खुर्चीतून पुढे झुकल्या. "कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. अंगावर नको, म्हणालात."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मी म्हटलं, दुखणं अंगावर काढू नको म्हणावं. गोळी घे म्हणावं."

"क्रियापद गिळलं मेल्यानं," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणी नाणंसुद्धा गिळलं होतं."

"सर्दी दुधातून जात नाही," डॉक्टरबाई सांगत होत्या. "खोकल्यातून जाते, हातातून जाते. म्हणून हात साबणाने धुवायचे, मास्क लावायचा आणि पाजायचं. उलट सर्दीशी लढायचं बळ दुधातूनच मिळतं तिला. मी दिलेली तापाची साधी गोळी चालते. तुमच्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला." मग त्यांनी रुमालातली पिवळी गोळी उलटीपालटी केली. "ही नको. हिच्यात तीन-चार औषधं एकत्र आहेत. नाक सुकवणारं जे आहे, त्याने दूधही कमी होऊ शकतं. घेतली नाहीत ना?"

"नाही," टाचणी म्हणाली.

"बाळ तपासलं, ठीक आहे. पण अंग गरम लागलं, पिईनाशी झाली किंवा धाप लागली, तर वाट बघायची नाही. लगेच आणायची."

आतल्या खोलीत टाचणीने हात धुतले, पुन्हा धुतले, मास्क बांधला आणि लेकीला घेतलं. लेकीने त्या अर्ध्या चेहऱ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि मान फिरवली. पुन्हा लावलं. तुंबलेलं दूध एकदम आलं, तिला ठसका लागला, ती किंचाळून मागे झाली. "विसरली, आई," टाचणी म्हणाली. "एका दिवसात विसरली."

"चिडलीय ती," सासूबाई म्हणाल्या. "चिडणं आणि विसरणं वेगळं. थोडं दूध हाताने काढून टाक, मग लाव."

टाचणीने तसं केलं. लेक हुंदके देत राहिली, नाक घासत राहिली आणि मग अचानक गप्प झाली. खोलीत गुटुक गुटुक आवाज यायला लागला. टाचणी प्रत्येक घोट ऐकत होती. मधे जरा खंड पडला की तिचाही श्वास थांबायचा.

दोन्ही हात गुंतलेले आणि मास्कच्या आत नाक धो धो वाहतंय. तिने सासूबाईंकडे केविलवाणं पाहिलं. सासूबाईंनी मास्क अलगद बाजूला केला, लहान पोरीचं पुसावं तसं सुनेचं नाक पुसलं, मास्क परत नीट बसवला आणि कुणी न सांगता हात धुवायला उठल्या.