हलकं तेल

हिंगोलीच्या स्टेशनरस्त्यावरच्या तेलवाल्यानं मला फसवलं आणि जिनिंगच्या मॅनेजरनं त्याला पाठीशी घातलं. हे मी त्या दिवशी चारचौघांत बोललो होतो, आज कागदावर लिहितो.

मला कुणी सहज टोपी घालावी असा मी नव्हतो. बैलगाडीवर भाड्यानं माल वाहण्यापासून सुरुवात केली. बाजारात मी उभा राहिलो की व्यापारी आधीच कपाळाला हात लावत. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक डिझेलची लॉरी मी घेतली. आमच्याकडे तेव्हा डिझेलला क्रूड म्हणत. आसपासच्या सगळ्या मोटारी पेट्रोलच्या. क्रूडवर चालणारी गाडी हट्ट्यापासून नरसीपर्यंत माझी एकट्याची.

त्या हिवाळ्यात जिनिंगचा कापूस वाहण्याचं काम मला मिळालं. मी औंढ्याला राहत होतो. पहाटे निघून दिवस उगवायला हट्ट्यात पोचायचं, तिथं कापूस भरायचा आणि औंढ्यावरून हिंगोलीला आणायचा. मॅनेजरची अट एकच होती. एक दिवस जरी लॉरी चुकली, तरी काम दुसऱ्याला. त्यांचंही बराबर होतं. हट्ट्यात कुणबी गाड्या भरून उभे राहत. आमची लॉरी दिसली नाही की दुसऱ्या जिनिंगचा माणूस त्यांना घेऊन जाई.

पेट्रोलची गाडी थंडीत कुरकुरते, पण उठते. क्रूडची गाडी पौषातल्या पहाटे दगडासारखी बसते. तिला संध्याकाळपासूनच तयार करावं लागे. क्रूडचा पिंप दोन दिवस हलवायचा नाही, म्हणजे पाणी तळाला बसतं. वरवरचं क्रूड काढून धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं. लॉरी उताराकडे तोंड करून उभी करायची आणि चाकाला दगड लावायचा. रेडिएटरचं पाणी सोडून द्यायचं. बॅटरी काढून स्वयंपाकाच्या खोलीत ठेवायची. पहाटे चुलीवर हंडाभर पाणी कडक तापवून रेडिएटरमध्ये ओतायचं. माझी बायको हंडा उतरवताना रोज म्हणायची, "माझ्या न्हाण्याला कवा एवढं पाणी तापवलं न्हाई तुमी."

बॉनेटवर घालायला घोंगडी हवी होती. मेंढरं घेऊन आलेला एक धनगर देवळामागे उतरला होता, त्याच्याकडे गेलो.

"कुनाला पायजे? लेकराला का म्हाताऱ्याला?" त्यानं विचारलं.

"लॉरीला."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "लॉरीला बी हिव वाजून राहिलं म्हना की. मोटी हाय का लई?"

"चांगली मोटी हाय."

"मग मोल बी मोटं लागंल."

"सगळ्या अंगावर कुटं घालायची? नुसतं तोंड झाकायचं हाय. तोंडापुरतं मोल सांग."

तो इतका हसला की मेंढरं बिचकली. घोंगडी मी म्हणालो त्या भावात मिळाली, वर ताकही प्यायलो.

एवढं सगळं करूनही एक अडचण राहिली. इंजिनातलं तेल. उन्हाळ्यात जे चालतं तेच थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, आणि हँडल मारून मारून खांदा निखळायची पाळी येते. जिनिंगमध्ये मोठं ऑइल इंजिन होतं. त्याच्या मिस्त्रीला मी तकलीफ सांगितली. तो म्हणाला, "हिवाळ्यात हलकं तेल घालत जा. आमी दर साली घालतो. भारी तेल चैताशिवाय काढतच न्हाई." हलकं म्हणजे पातळ, भारी म्हणजे घट्ट. इंजिनाजवळ काम करणाऱ्या सगळ्यांची हीच बोली होती. जिनिंगचं तेल कुठून येतं तेही त्यानं सांगितलं, म्हणून मी त्याच दुकानात गेलो.

तेलवाला गादीवर बसला होता. मी म्हणालो, "इंजिनाचं हलकं तेल पाहिजे."

"हलकं? मालक, भारी आलंय बघा, विलायती हाय."

"भारी नको. भारीनं माझी गाडी उठत न्हाई."

त्यानं विलायती डबा बाजूला सारला. "हलकंच पाहिजे ना? परत म्हनू नका."

"हलकंच दे."

त्यानं आतून डबा आणला. मी तेल दोन बोटांत चोळून पाहिलं. पातळ होतं, मला बरं वाटलं. राकेलचा वास आला. तो म्हणाला, डबा राकेलचा होता. मग मी भावाला बसलो आणि अर्धा तास हटलो नाही. शेवटी त्यानं हात जोडले. वास आला तेव्हाच मी उठायला पाहिजे होतं. ती चूक माझी, ती मी कुणाच्या माथी मारत नाही. पण चूक वेगळी आणि लबाडी वेगळी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्याच हँडलला लॉरी उठली. तिसऱ्या दिवशीही, चौथ्याही. बायको हंडा घेऊन बाहेर येईपर्यंत इंजिनाला हात लावायला मी थांबत नव्हतो, इतका मी खूश होतो. पाचव्या दिवशी हट्ट्याहून कापूस भरून निघालो. औंढा मागे पडला, चढ लागला आणि इंजिनातून ठक ठक आवाज येऊ लागला. मी गाडी थांबवायच्या आतच ते ठप्प झालं.

हिंगोलीहून मिस्त्री आला. त्यानं खालून तेल सोडलं, तळहातावर घेतलं, हुंगलं आणि फेकून दिलं. "हे हलकं न्हाई," तो म्हणाला, "हे जळकं हाय. कुनाच्या तरी इंजिनातून काढलेलं जुनं तेल, वर राकेल घालून पातळ केलंय. तुमचं बेअरिंग गेलं."

कापूस बैलगाड्यांनी हलवावा लागला. दुसऱ्या दिवशी हट्ट्यात माझी लॉरी नव्हती. काम गेलं. आठवडा व्हायच्या आत ते तेलवाल्याच्या मेव्हण्याला मिळालं.

मी उरलेला डबा घेऊन दुकानात गेलो आणि तेल त्याच्या पांढऱ्या गादीवर ओतलं. रस्ता भरून माणसं जमली. कुणीतरी जिनिंगच्या मॅनेजरना बोलावून आणलं. दोघंही त्यांच्या ओळखीचे, निवाडा त्यांनी करावा असं ठरलं. तेलवाल्यानं आवाजसुद्धा चढवला नाही.

"साहेब, यांनी काय मागितलं ते इचारा. हलकं मागितलं. मी काय दिलं? हलकं. भारी दाखवलं तर म्हनले, भारी नको. भाव बी हलका करून घेतला. आता माल भारी कसा निघंल?"

लोक हसले. मी ज्यांच्याशी उभी हयात सौदे केले ते लोक, पोट धरून हसले. मी मॅनेजरना म्हणालो, "साहेब, हा शब्द तुमच्या मिस्त्रीचा आहे. तुमच्या इंजिनात हिवाळ्यात काय घालतात ते सांगा यांना."

मॅनेजर म्हणाले, "आमच्या इंजिनाचा इथं काय संबंध? शब्द तर तुमच्याच तोंडचा आहे ना?" आणि गादीची खोळ मी नवी आणून द्यावी असा निवाडा देऊन ते निघून गेले. खोळ मी आणून दिली. जाडीभरडी, हलकी. तेलवाल्यानं ती गादीवर चढवली.

लॉरी मी दीड महिन्यात पुन्हा उभी केली. पुढं एकीच्या तीन झाल्या. मिस्त्रीला मी जिनिंगमधून माझ्याकडं ओढला, आणि मॅनेजरांच्या मालालाही नंतर माझीच लॉरी शोधावी लागली. भाडं मी एक पैसा कमी केलं नाही. तेव्हा कुणी म्हणेल, एवढं सगळं मिळालं, आता जुनं काहून उकरता. मिळालं ते मी मिळवलं. हट्ट्याचं काम गेलं ते माझ्या नालायकीनं गेलं, असं आजही हिंगोलीत सांगतात, आणि सांगताना हसतात.

तेलवाला वारला. त्याच्याशी आता माझं भांडण नाही. चोर होता, चोरासारखा वागला. मॅनेजरसाहेब मात्र आहेत, हिंगोलीतच, चष्मा लावून रोज वर्तमानपत्र वाचतात, तेव्हा हेही त्यांना वाचता येईल. साहेब, त्या दुकानात उभं असताना हलकं म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? नव्हतं म्हणाल, तर इतके हिवाळे स्वतःच्या इंजिनासाठी त्याच दुकानातून तुम्ही काय मागवत होता? आणि ठाऊक होतं, तर त्या सगळ्या माणसांसमोर गप्प का राहिलात? मी अजून औंढ्यालाच राहतो. उत्तर द्या.